गुलाबी पट्टीची गिटार

कवळे हे त्याचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पोस्टमन आणि बायको सोडून कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. तो दातांच्या कवळ्या करायचा म्हणून कवळे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवायचे आणि हा त्यावर बत्तीशी चढवून परत धाडायचा. ज्या तोंडांसाठी एवढा खटाटोप केला ती तोंडं त्यानं कधी बघितली नाहीत. रस्त्यात एखादा म्हातारा मोठ्यानं हसला, की कवळेची मान आपोआप पुढे जायची आणि बायको त्याला कोपर मारायची.

"चला आता. त्याच्या तोंडात डोकं घालू नका."

दुकानांच्या रांगेमागे एक लांबट खोली, तो त्याचा कारखाना. ट्यूबलाइट दिवसाही चालू. फळीवर प्लास्टरचे जबडे जोडीजोडीनं मांडलेले, गप्पा मारता मारता थिजल्यासारखे. टेबलाच्या एका टोकाला मेण वितळवायचा दिवा, दुसऱ्या टोकाला पॉलिशचं मशीन, आणि मधल्या पत्र्याच्या खणांत रंगाप्रमाणे, मापाप्रमाणे लावून ठेवलेले दात. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. मेव्हणी म्हणायची, भाऊजी कामावरून येतात तेव्हा म्हातारे असतात आणि आंघोळ केली की पुन्हा वयात येतात.

दुसरा नाद गिटारचा. लग्नाआधी घेतलेली एक जुनी इलेक्ट्रिक गिटार होती, तीच अजून. वाजवायचा बेताचं, पण दुरुस्त करायचा मात्र देखणं. गिटारच्या मानेवर ज्या बारीक धातूच्या आडव्या पट्ट्या असतात त्यांना फ्रेट म्हणतात. एखादी फ्रेट केसभर वर आली तरी तार खरखरते. कवळे त्याच्या कामाची कानस घेऊन बसायचा आणि उठायचा तेव्हा गिटार लोण्यासारखी चालायची. त्यामुळे रविवारच्या मंडळीत त्याच्या शब्दाला वजन होतं.

रविवारची मंडळी म्हणजे काही फार मोठी फौज नव्हे. रंगाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत दुपारी जमायचं. खोली रंगवाल्याची, म्हणून त्याला कितीही बेसूर वाजवायची परवानगी. दुसरा वायरमन, जाड तारांची बास गिटार वाजवणारा, तोंडाचा फटकळ. तिसऱ्याचं वह्या-पेनांचं दुकान होतं, पण त्यानं जगातल्या सगळ्या गिटार कंपन्यांची माहितीपत्रकं जमवून तोंडपाठ केली होती, म्हणून तो कॅटलॉग. आणि चौथा कवळे. गप्पा जास्त, वाजवणं कमी, आणि टर्पेंटाइनच्या वासानं डोकं जड झालं की घरी.

ह्या मंडळीत कोणी ना कोणी अधूनमधून विषय काढायचंच.

"कवळे, तुझ्या हातात एवढं कसब आहे, तर एक अख्खी गिटार का करत नाहीस?"

कवळे हातातलं काम न थांबवता सांगायचा, "घरी गिटार होत नाही. त्याला कारखाना लागतो."

हे तो इतकी वर्षं, इतक्या ठामपणे सांगत आला होता की बाकीच्यांनी ते मान्यच करून टाकलं होतं. घरी गिटार होत नाही. का होत नाही, असं कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यातच कवळेचं भलं होतं.

स्वभावानं माणूस वाईट नव्हता. कुणाचं वाकडं चिंतायचा नाही. फक्त दुसऱ्याचं सरळ झालेलं त्याला पचायला वेळ लागायचा. रंगवाल्यानं नवा ॲम्प्लिफायर घेतला तेव्हा कवळे दोन रविवार आलाच नाही, पाठ धरली म्हणाला. पण त्याच्या खऱ्या पोटदुखीला एकच नाव होतं, ते म्हणजे त्याचा साडू.

साडू म्हणजे धाकट्या मेव्हणीचा नवरा. घरसामान हलवायचा त्याचा धंदा, दोन टेम्पो आणि चार हमाल. गडगडाटी हसणारा, डोक्यावर अजून सगळे केस असलेला, कुठेही गेला की पाच मिनिटांत घरचा होणारा माणूस. कवळे सासुरवाडीचा पहिला जावई. पंख्याखालची खुर्ची त्याची. साडू लग्नानंतर पहिल्यांदा आला आणि न बघता त्या खुर्चीत बसला, आणि सासूबाई म्हणाल्या, बसू दे हो, घामाघूम होऊन आलाय. तेव्हापासून कवळे सासुरवाडीला खिडकीजवळ बसतो. साडूला ह्यातलं काही माहीत नाही. तो कवळेला मनापासून मानतो, "साडूभाऊ, साडूभाऊ" करत मागे फिरतो, आणि त्यामुळे धड त्याचा रागही करता येत नाही.

साडूला गिटार वाजवता येत नव्हती. रविवारी कधीमधी यायचा, भिंतीला टेकून बसायचा आणि प्रत्येक गाण्याला मान डोलवायचा, सुरात असो वा नसो.

तर अशाच एका रविवारी तो खांद्यावर काहीतरी लांबडं घेऊन जिना चढून आला. फ्रीजला ओरखडे पडू नयेत म्हणून जी जाड राखाडी ब्लँकेटं वापरतात, त्यातल्या एकात गुंडाळलेलं.

"बघा बरं, ही काही कामाची आहे का," म्हणत त्यानं ते टेबलावर ठेवून उलगडलं. सगळे टेबलाभोवती आले.

इलेक्ट्रिक गिटार होती, पण असली कुणी पाहिली नव्हती. जुनी, निदान त्यांच्या लहानपणची. अंग गर्द हिरवं, वरचा पॉलिशचा थर वाळल्या तळ्यासारखा तडकलेला. आकार घोड्याच्या नालासारखा, खाली गोल आणि वर मानेच्या दोन्ही बाजूंना दोन जाड शिंगं. मानेवर बोटांना जागा कळावी म्हणून जे ठिपके असतात ते गोल नव्हते, लांबट होते, पिवळसर पांढरे. आणि तारांखाली, नखांनी लाकूड खरवडू नये म्हणून बसवतात ती पट्टी, पिकगार्ड म्हणतात तिला, ती तळहाताएवढी आणि गुलाबी. आवाजाची बटणंही गुलाबी. डोक्यावर कुठल्याही कंपनीचं नाव नाही.

"कुठे मिळाली?" रंगवाल्यानं विचारलं.

"एका बाईंचं घर हलवत होतो. पोटमाळ्यावर होती. म्हटलं, बाई, ही कुठल्या खोक्यात घालू? तर म्हणाल्या, तुम्हीच न्या, लेकीच्या घरी जागा नाही."

"अशीच दिली?"

"अशीच. वर चहा पाजला."

कवळेच्या पोटात पहिली कळ आली ती इथे.

कॅटलॉगनं खिशातलं भिंग काढलं. वह्यांच्या दुकानात त्याला भिंग कशाला लागायचं देव जाणे, पण ते सतत जवळ असायचं. तो गिटारवर ओणवा झाला.

"नाव नाही," तो म्हणाला. "म्हणजे खास मागणी देऊन करवून घेतलेली. असल्या गिटारवर कंपनी मुद्दाम नाव टाकत नाही."

"नाव नाही म्हणजे पोरकीही असू शकते," वायरमन म्हणाला.

"तू वायरी बघ. हे ठिपके बघितलेस? हस्तिदंत आहे."

"आणि हे गुलाबी?"

कॅटलॉगनं भिंग पट्टीवर नेलं आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "आतमध्ये लाल धागे आहेत. बारीक, केसासारखे. रेशीम आहे हे. प्लॅस्टिकमध्ये रेशीम घालून ओतलंय. परदेशातच. असलं काम आता जगात कोणी करत नाही."

कवळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा होता आणि त्याचे कान तापले होते. तो लाल धागा रेशमाचा नव्हता. तसला धागा त्याच्या पत्र्याच्या खणात पुड्याच्या पुड्या पडून होता. कवळीची हिरडी खऱ्या माणसाची वाटावी, तिच्यात बारीक रक्तवाहिन्या दिसाव्यात, म्हणून तो गुलाबी पावडरीत कालवतात. ती पट्टी म्हणजे हिरडी होती. कवळे रोज जी करतो तीच. आणि ठिपके? हस्तिदंतातला दंत बरोबर होता, फक्त हत्ती चुकला होता. ते कवळीचे दात होते, आडवे चिरून मानेत बसवलेले. एवढं कळल्यावर त्यानं पुन्हा गिटारच्या अंगाकडे पाहिलं आणि तो नाल नव्हताच. वरचा जबडा होता, डॉक्टरकडून साच्यातून येतो तस्साच.

कुणीतरी त्याच्यासारखाच कवळ्या करणारा, कुठल्याशा खोलीत, रोजच्या कामाच्या सामानातून ही गिटार करून गेला होता. आणि करताना पोटभर हसला होता. अख्ख्या खोलीत तो विनोद एकट्या कवळेला कळला, आणि हसू काही येईना.

"त्या बाईंचे मिस्टर काय करायचे?" त्यानं साडूला विचारलं.

"ते नाही विचारलं बुवा. जाऊन पुष्कळ वर्षं झाली म्हणाल्या. एक मशीन होतं त्यांचं, दोन्ही बाजूंना ब्रश लावलेलं, ते भंगारात दिलं."

पॉलिशचं मशीन.

"साडूभाऊ, तुम्ही काहीच बोलला नाहीत. कशी आहे?"

"बरी आहे."

"बरी आहे म्हणे," वायरमन म्हणाला. "अरे, तुझ्या डोळ्यांतून पाणी यायचं बाकी आहे."

मग त्यांनी ती ॲम्प्लिफायरला जोडली. कवळेची शेवटची आशा आवाजावर होती. आवाज घोगरा, फाटका निघाला असता तर त्याचं सगळं समाधान झालं असतं. रंगवाल्यानं एक सूर छेडला आणि तो सूर भरल्या घागरीसारखा जड, गोल येऊन खोलीत बसला. खाली दुकानातला गडी जिन्यात येऊन उभा राहिला.

जाताजाता असं ठरलं की पुढच्या महिन्यात गावच्या हॉलमध्ये जे वाद्यांचं प्रदर्शन असतं, तिथे मंडळींच्या मधल्या टेबलावर ही गिटार ठेवायची. मधल्या टेबलावर आजवर कवळेची गिटार असायची. कुणी त्याला विचारलं नाही, आणि कुणी मुद्दाम वगळलंही नाही. सगळ्यांना ते इतकं उघड वाटलं, की विचारायचं काही नव्हतंच.

घरी आला तर बायको फोनवर बहिणीशीच बोलत होती. "हो का? अगं बाई. हस्तिदंत?" फोन ठेवून तिनं ह्याच्याकडे पाहिलं.

"काय झालं? कवळी काढून ठेवल्यासारखं तोंड झालंय."

कवळे बूट काढत बसला. मग सांगितलंच. सांगायला दुसरं कुणी नव्हतं. "ती पट्टी हिरडी आहे. ठिपके दात आहेत. अख्खी गिटार म्हणजे वरचा जबडा आहे."

बायकोला असं हसू फुटलं की ती भिंतीला टेकली, पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसली. "आणि तो कॅटलॉग भिंग लावून हिरडी बघत होता? अहो, मग सांगायचं ना त्यांना. केवढी मजा आली असती."

"कशाला सांगायचं?"

"कशाला म्हणजे?" आणि मग तिचं हसू हळूहळू उतरलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं तेवढं एक वाक्य तिनं हजारदा ऐकलं होतं. "अच्छा," ती म्हणाली. "सांगितलं की ते विचारणार. हेच सामान, हेच मशीन, हाच धंदा. त्यानं घरात केली, मग तुम्ही काय करत होतात?"

कवळेनं बुटाची लेस ओढली ती तुटलीच.

तीन दिवस त्यानं कामात मन घालायचा प्रयत्न केला. हातात कुणाचा तरी जबडा घ्यायचा आणि डोळ्यांपुढे हिरवी शिंगं यायची. चौथ्या दिवशी दुपारी तो उठून साडूच्या घरी गेला. म्हणाला, पट्टीला स्क्रूजवळ एक भेग आहे, प्रदर्शनाआधी बुजवायला हवी, मी नेतो.

"न्या की, विचारता काय," साडू म्हणाला. "मी म्हणणारच होतो." आणि ती गिटार त्यानं कपाटावरून काढून दिली. नुसती कपाटावर ठेवली होती. शेजारी मेव्हणीच्या जुन्या चपलांचं खोकं. कवळेला ते बघवेना. ह्या माणसाला गिटार मिळते काय आणि तो ती चपलांजवळ ठेवतो काय.

खोलीत आल्यावर त्यानं दार लावलं, डॉक्टरांचे फोन वाजू दिले आणि पट्टीचे स्क्रू काढले. पट्टी उलटी करून दिव्याखाली धरली. आणि आठवड्यात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

छिद्रं होती.

हे जरा सांगायला हवं. गुलाबी पावडर आणि तिचं लिक्विड कालवून कणकेसारखा गोळा होतो, तो पितळेच्या डबीत दाबायचा आणि डबी पाण्यात शिजवायची. पाणी हळूहळू तापवलं तर माल एकजीव होतो. घाई केली, एकदम उकळी आणली, तर आतल्या आत बारीक फुगे धरतात. असली कवळी कवळेच्या हातून गेली नव्हती. एखादं छिद्र दिसलं तरी तो कवळी फोडून पुन्हा करायचा. आणि इथे पाठीमागून मोजता येऊ नयेत इतके फुगे.

"घाई केलीस, लेका," कवळे त्या मेलेल्या माणसाला म्हणाला. इतक्या मायेनं तो जिवंत माणसाशीही बोलत नसे.

मग त्याला राहवेना. भेग बुजवायचं बाजूलाच राहिलं. त्यानं जुन्या पट्टीवरून साचा घेतला, मेणाची पट्टी घडवली, कडा जुनीपेक्षा सुबक केल्या, डबीत भरली. लाल धागे मोजके, खऱ्या हिरडीत असतात तसे विरळ टाकले, त्या माणसासारखे मूठभर ओतले नाहीत. पाणी इतक्या मंद आचेवर तापवलं की त्यात कुणाला झोप लागली असती. दुसऱ्या दिवशी डबी उघडली, घासली, पॉलिश केली. दिव्यासमोर धरली तर आरपार, तान्ह्या मुलाच्या ओठासारखी. एक छिद्र नाही.

ती त्यानं हिरव्या गिटारवर बसवली आणि दुपारभर वाजवत बसला. त्या माणसानं मानेची पाठ अंगठ्याच्या बाजूला किंचित सपाट ठेवली होती. का, ते वाजवल्याशिवाय कळलं नसतं. हात थकतच नव्हता. पट्टीत हरलास, पण इथे जिंकलास, कवळे मनात म्हणाला, आणि पुन्हा पोटात कळ आली. जुनी पट्टी त्यानं गॉजच्या तुकड्यात गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकली. रविवारपर्यंत ती तिथेच होती. मधेच काढून छिद्रं बघितली की बरं वाटायचं.

रविवारी त्यानं गिटार टेबलावर ठेवली. साडू आधीच येऊन बसला होता. कॅटलॉगनं भिंग लावलं आणि मागे सरकला.

"आता खरा माल दिसला."

"काय झालं?" रंगवाला वाकला.

"मळ गेला. कवळेनं वरची घाण काढली आणि बघा आत काय निघालं. हा रंग बघा. हे धागे, एकेक मोजून टाकलेले. गेल्या रविवारी मी म्हटलं होतं ना, ते आज दिसतंय."

रंगवाल्याचा जन्म रंगात गेलेला. त्यानं पट्टीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "हिला आतून उजेड आहे."

"हात काय असेल त्याचा," वायरमन म्हणाला. फटकळ माणूस, त्याच्या तोंडून असलं काही कधी निघत नसे. "कवळे, वाईट वाटून घेऊ नकोस, पण असल्या माणसापुढे आपण सगळे हजाम."

कवळेच्या कामाची एवढी स्तुती उभ्या आयुष्यात कुणी केली नव्हती. म्हातारे कवळी घालून गप जेवतात, कुणी निरोप पाठवत नाही. आणि आज स्तुती होत होती, त्याच्या तोंडावर, त्याच्या कामाची, आणि सगळी जात होती त्या मेलेल्याच्या खात्यावर. दम धरायचा त्यानं प्रयत्न केला. नाही धरवला.

"ती मी केली."

"हो, झकास साफ केलीस," कॅटलॉग म्हणाला.

"साफ नाही केली. केली. नवी केली. जुनी काढून ही बसवली."

मग वायरमननं मांडीवर थाप मारली. "कवळे, घरी होत नाही ना रे? त्याला कारखाना लागतो ना?"

सगळे हसले. साडू हसला नाही. "साडूभाऊ म्हणतात म्हणजे केली असणार," तो म्हणाला. कवळेला वाटलं, ह्यानं हसायला हवं होतं. ह्यानं तरी.

त्यानं खिशातून गॉज काढला आणि जुनी पट्टी टेबलावर ठेवली. "ही घ्या. ही जुनी."

कॅटलॉगनं ती उचलली. भिंगाखाली पुढून पाहिली, उलटी करून पाहिली, खिडकीशी नेऊन पाहिली. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दया होती.

"कवळे, ही तू केलीस."

"नाही. ती जुनी आहे."

"लाजायचं काय त्यात? पहिला प्रयत्न म्हणून चांगलीच जमलीय. रंग तर हुबेहूब. पण हे बघ, आत फुगे आलेत. धागे फार झालेत. त्या माणसाच्या शेजारी ठेवलं की कळतं. सराव हवा, एवढंच."

"नक्कल म्हणून बरी आहे," वायरमन म्हणाला आणि त्यानं कवळेच्या पाठीवर थोपटलं.

कवळेनं साडूकडे पाहिलं. साडू दोन्ही पट्ट्यांकडे आळीपाळीनं बघत होता आणि त्याच्याही डोळ्यांत आता तीच दया यायला लागली होती. "मला तर ही पण आवडली," तो अगदी प्रेमानं म्हणाला.

तीन दिवस ज्या छिद्रांवर कवळे जगला होता, ती आता टेबलावर पडली होती आणि तीन माणसं त्यांच्याकडे बघून नाक मुरडत होती. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला, पण कशानं, ते त्याचं त्यालाच नवीन होतं.

"नक्कल म्हणू नका तिला," तो म्हणाला. "एक अक्षर कळत नाही तुम्हाला. रेशीम म्हणे. हिरडी आहे ती. कवळीची हिरडी. ते धागे माझ्या खणात पडलेत, या उद्या, दाखवतो. हस्तिदंत नाही, दात आहेत, चिरलेले. ही बटणं पण हिरडीचीच. आणि हे धूड उलटं धरा. धरा. काय दिसतंय? वरचा जबडा. माझ्या धंद्यातला माणूस होता तो. त्यानं ही पट्टी पहिल्यांदाच केली असणार, एवढ्या जाडीचं काम आम्हाला नसतं, आच कळली नाही, म्हणून फुगे धरले. धरले तरी त्यानं ती लावली. लावली आणि वाजवली."

साडूनं गिटार उचलून उलटी धरली. डोकं वाकडं करून पाहिलं आणि त्याचं ते गडगडाटी हसू सुरू झालं. "अरे, खरंच की. तोंड आहे. अख्खं तोंड आहे." रंगवाला हसला, वायरमन हसला. कॅटलॉगनं भिंग खिशात ठेवलं, पुन्हा काढलं, ठिपक्यांवर लावलं, आणि मग तोही हसला, जरा उशिरा आणि जरा जास्त. पोटमाळ्यावर इतकी वर्षं पडून राहिलेला तो विनोद त्या दुपारी एकदाचा सगळ्यांना पोचला.

वायरमननं डोळे पुसले. "म्हणजे तुझ्यासारखाच एक."

"हो."

"हेच सामान? हीच मशीनं?"

"हीच."

"मग तू का नाही केलीस रे?"

त्यात खोच नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. कवळेनं ह्या प्रश्नाची उत्तरं आठवडाभर घोकून ठेवली होती. लाकूड चांगलं मिळत नाही, वेळ नसतो, डॉक्टर लोक जीव खातात. त्यातलं एकही तोंडात येईना.

"छिद्रं पडली असती," तो म्हणाला.

"पडली असती तर पडली असती," साडू म्हणाला. "पट्टीच्या मागे कोण बघायला जातंय?"

"मी गेलो असतो."

खाली दुकानात रंगाचे डबे घुसळायचं मशीन सुरू झालं आणि खोलीची जमीन थरथरायला लागली.

मग साडूनं विचारलं, "प्रदर्शनात कुठली लावायची?"

गिटार त्याची होती, पण विचारलं त्यानं कवळेला. कवळे दोन्ही पट्ट्यांकडे बघत राहिला. आपली किती सरस झाली आहे ते त्याला पुन्हा एकदा दिसलं, आणि अजिबात बरं वाटलं नाही.

"जुनी," तो म्हणाला. स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतःच बसला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःची पट्टी काढली. जुनी लावायला घेतली तेव्हा स्क्रूजवळची भेग बोटाला लागली. जिच्यासाठी म्हणून गिटार नेली होती, ती तशीच राहिली होती.

"ही भरायची राहिली," तो पुटपुटला. "उद्या नेतो, दोन दिवसांत देतो."

"न्या की," साडू ब्लँकेट झटकत म्हणाला. "फक्त ह्या वेळी भेगच भरा, साडूभाऊ. परत नवी पट्टी नका करू."